जन्मगाव बदलून मिळेल

तुमची अडचण मला कळते. चेहरा पडद्यावर शोभेल असा आहे, अंगात धमक आहे, पण जन्म पडला मुंबईचा आणि लहानाचे मोठे झालात कलकत्त्यात. वर रंग असा की गोऱ्यांना तुम्ही काळे आणि काळ्यांना तुम्ही गोरे. घाबरू नका, वाट मळलेली आहे. १९११ साली मुंबईत एस्टेल थॉम्पसन नावाची मुलगी जन्मली, घरात तिला 'क्वीनी' म्हणत. १९३६ साली ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत मर्ल ओबेरॉन हे नाव लागलं. दोघी एकच. मधल्या पंचवीस वर्षांत काय काय करायचं, तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी जन्मगाव. लंडन सांगू नका, 'कुठली शाळा?' असं विचारणारा हमखास भेटतो. गाव असं हवं की ते ब्रिटिश आहे हे सगळ्यांना माहीत असावं आणि नकाशावर बोट मात्र कोणाला ठेवता येऊ नये. ओबेरॉनबाईंसाठी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं टास्मानिया बेट ठरलं. लंडन किंवा लॉस एंजेलिसच्या पार्टीत टास्मानियाचा माणूस भेटणार कुठून! जन्मनोंद कुठे आहे? आगीत जळाली. सरकारी दप्तर जळालं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मग कोणीतरी मोठा माणूस गाठा. शक्यतो असा, ज्याने स्वतःही नाव बदललंय. चित्रपट निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा हंगेरीत जन्मला तेव्हा केल्नर होता. त्याने १९३३ साली पडद्यावर तुम्हाला आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलीन केलं. म्हणजे हंगेरीच्या माणसाने मुंबईच्या मुलीला इंग्लंडची राणी केलं आणि अस्सल इंग्रजी इतिहास म्हणून जगभर दाखवलं. पुढे १९३९ साली त्याच्याशी लग्न करा. १९४२ साली तो 'सर' होईल, तुम्ही लेडी कोर्डा.

आता आई. हा भाग जरा अवघड आहे. आई मूळची सिलोनची, सावळी, आणि लंडनच्या घरात तुमच्यासोबतच राहते. पाहुण्यांना सांगा, ही आमची कामवाली. बाकी काही करावं लागत नाही, फक्त चारचौघांत हाक मारताना जीभ सांभाळायची. मर्लची ही आई, शार्लट सेल्बी, १९३७ साली वारल्या. त्यानंतर मात्र कर्तव्यात कसूर नको. जुना फोटो चित्रकाराकडे द्या आणि आईचं पोर्ट्रेट काढून घ्या, रंग तेवढा उजळ करून. जिवंतपणी आई दिवाणखान्यात बसू शकली नाही, तर चित्र लावा. स्थळाच्या फोटोवर आपले स्टुडिओवाले हे काम वर्षानुवर्षं करत आलेत, त्यात लाजायचं काय?

आणि हो, पुढे उजेडात आलेल्या जन्मनोंदीनुसार या शार्लटबाई आई नव्हत्याच, आजी होत्या. घरात जिला बहीण म्हणत ती कॉन्स्टन्स ही आई, आणि बाळंत झाली तेव्हा ती स्वतःच पोर होती. इथे मला काही विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

चेहरा. रंग उजळवणारा मेकअप थापाच, पण त्यावर विसंबू नका. १९३७ साली लंडनमध्ये मोटारीचा अपघात होईल, चेहऱ्याला इजा होईल आणि कोर्डाचा एक मोठा चित्रपट अर्धवट सोडून द्यावा लागेल. अशा वेळी कॅमेरामन उपयोगी पडतो. लुसिएन बॅलार्डने लेन्सच्या अगदी शेजारी बसवायचा एक दिवा काढला. समोरून थेट उजेड पडला की व्रण दिसेनासे होतात. दिव्याचं नाव 'ओबी', म्हणजे तुमचंच. १९४५ साली कोर्डाला सोडून बॅलार्डशी लग्न करा. एवढा उजेड पाडणारा नवरा रोज मिळत नाही.

तुम्ही नाक मुरडताय? मुरडा, पण आधी त्या काळचा कायदा बघा. हिंदी माणूस 'गोरा' ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद यांना सांगितलं होतं. ते दार १९४६ साली किलकिलं झालं. स्टुडिओंचा न्याय याहून सरळ होता. चिनी शेतकरणीची मोठी भूमिका चिनी वंशाची हॉलिवूड अभिनेत्री अ‍ॅना मे वाँगला मिळाली नाही. ती जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रायनरला मिळाली, आणि वर ऑस्करही. खरं सांगणाऱ्यांचं काय होत होतं, हे मर्लला दिसत होतं.

गंमत बघा, १९३९ साली 'वदरिंग हाइट्स' या इंग्रजी कादंबरीवरचा चित्रपट आला. कादंबरीतला नायक हीथक्लिफ काळासावळा, त्याला पाहून एक पात्र म्हणतं की हा लास्कर दिसतो. लास्कर म्हणजे आपल्याकडचा खलाशी. ती भूमिका केली इंग्लंडातल्या सरे परगण्याच्या लॉरेन्स ऑलिव्हिएने, आणि यॉर्कशायरची नायिका कॅथी झाली मुंबईची मर्ल. कोणाला काही खटकलं नाही.

खरी जन्मकथा तुम्ही गेल्यावर बाहेर येईल. मर्ल १९७९ साली गेली, १९८३ साली चरित्र आलं. तेव्हापासून अडचण पत्रकारांची. २०२३ साली मलेशियाच्या मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा 'या यादीत नामांकन मिळालेली पहिली आशियाई अभिनेत्री' असं लिहिताना जाणत्यांना थबकावं लागलं. 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं लिहावं लागलं. इतिहासात नुसती एक पुरवणी जोडून घेणंही काही कमी नाही.

शेवटची सूचना मात्र मनापासून. टास्मानियातून सत्काराचं बोलावणं आलं तर जाऊ नका. मर्ल १९७८ साली टास्मानियातल्या होबार्टला गेली. तिथे आपल्या कन्येच्या स्वागताला समारंभ ठेवला होता. तिला बरं वाटेना, ती समारंभातून निघून गेली. तुम्हालाही बरं वाटणार नाही. कारण तिथे तुम्हाला लहानपणापासून ओळखणारी माणसं भेटतील.