टेबलवर घ्या की टेबलवर ठेवा?

आमच्या ऑफिसात काम अवघड नाहीये, कॉल अवघड आहेत. संध्याकाळी साडेसातला पुण्यात आम्ही, तिकडे शिकागोवाल्यांचे सकाळचे नऊ, लंडनवाल्यांचे दुपारचे तीन, म्हणजे ते दोघं कॉफी पिऊन टवटवीत आणि आम्ही चारच्या वडापाववर तग धरून बसलेलो.

कोडमधला बग कळतो हो, त्याला काहीतरी लॉजिक असतं, पण शिकागोच्या मॅडम बोलायला लागल्या की सगळं बेसबॉल. 'टच बेस' करूया, 'बॉलपार्क फिगर' द्या, हे 'लेफ्ट फील्ड'मधून, म्हणजे अचानक कुठूनतरी, आलं. आमच्या अख्ख्या टीमनं मिळून बेसबॉलची एक मॅच बघितलेली नाही! पळणाऱ्याला प्रत्येक बेसला पाय लावावा लागतो हे गूगलनं सांगितलं, पण गुरुवारी मॅडमना फोन करायला त्याचा काय संबंध ते गूगललाही धड सांगता आलं नाही. आणि बॉलपार्क फिगर हा तर शुद्ध सापळा आहे. म्हणायचं अंदाजे सांगा, काही टेन्शन नाही, आणि तुम्ही बोलून गेलात 'तीनेक आठवडे' की दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये लाल रंगात तारीख, तो 'एक' कुठल्या कुठे गायब.

लंडनचे साहेब क्रिकेटवाले, त्यामुळे ते आपलेच वाटतात. ते अडचणीच्या प्रसंगाला 'स्टिकी विकेट' म्हणाले की आम्ही लगेच माना डोलावतो, कारण पावसात भिजलेली खेळपट्टी उन्हानं वाळायला लागली की बॉल कसा वेडावाकडा उसळतो हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. परवा शिकागोवाल्या मॅडम म्हणाल्या, हॅटट्रिक म्हणजे हॉकीतली ना? झालं! आमच्या समीरनं म्यूट काढून १८५८ साली शेफील्डला एचएच स्टीफनसननं तीन बॉलवर तीन विकेट काढल्या आणि लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली ही कथा पूर्ण सांगितली, मॅडम म्हणाल्या 'इंटरेस्टिंग', त्या दिवशी आमची कॉलर टाइट.

पण खरी मजा 'टेबल' शब्दाची. लंडनचे साहेब म्हणाले पेमेंट मॉड्यूल टेबल करूया. मॅडम खूश, ग्रेट म्हणाल्या. साहेबांनी स्क्रीन शेअर करून बावीस स्लाइड उघडल्या. मॅडम म्हणाल्या, आपण हे टेबल केलं ना? साहेब म्हणाले, हो, म्हणून तर! इंग्लंडात टेबल करणं म्हणजे विषय आत्ता चर्चेला घेणं आणि अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवून देणं. आम्हाला दोन्ही माहीत होतं, पण मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा, शिवाय तेवढा वेळ आमच्या तारखेबद्दल कोणी विचारत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांचं ह्याच शब्दावरून चांगलं वाजलं होतं, आणि शेवटी कळलं की दोघांनाही एकच पाहिजे होतं, असं खुद्द चर्चिलनं लिहून ठेवलंय. तिथे निदान हिटलर तरी होता, इथे एक पेमेंट गेटवे.

ह्याचा संसर्ग आता घरापर्यंत आलाय. आमच्या सोसायटीत निम्मे लोक आयटीवाले, त्यामुळे मीटिंगमध्ये कोणी 'लूपमध्ये ठेवा' म्हणतं, कोणी 'सर्कल बॅक' करतं, आणि जुने मेंबर ऐकून घेतात बिचारे. गेल्या मीटिंगला टँकरच्या बिलावरून आवाज चढले तेव्हा आमच्या मजल्यावरचा एक स्क्रम मास्टर, म्हणजे ऑफिसात टीमच्या मीटिंगा चालवणारा, म्हणाला, "हा विषय आपण पार्किंग लॉटमध्ये टाकू." म्हणजे नंतर बोलू, एवढंच. तळमजल्यावरचे काका ताडकन उठले, "आधीच तिथे गाड्यांना जागा नाही, त्यात आता टँकर पण?" त्यांना समजवायला गेलेल्या मुलाला त्यांनी 'शहाणपणा शिकवू नकोस' म्हणून खाली बसवलं. सेक्रेटरींनी मात्र मिनिट्समध्ये अगदी चोख लिहिलं, 'टँकरचा विषय पार्किंगमध्ये घेण्याचे ठरले, रविवार, सकाळी १०', आणि रविवारी पाच जण खरंच खाली येऊन उभे राहिले, खुर्च्या घेऊन.