मुंबई-नागपूर ‘आठ तास’, पण कुठून कुठे?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून एक मजकूर सारखा फिरतोय: ‘मुंबई-नागपूर फक्त ७०१ किलोमीटर, आठ तास. विमानाचं अंतरही ६८० आहेच. विमानतळावरचा वेळ धरला तर विमानालाही तेवढेच तास. मग विमान कशाला?’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्यावर विसंबून माझा मावसभाऊ दोन मुलं आणि सत्तरीतल्या मावशीला घेऊन दादरहून पहाटे पाचला निघाला. दीडच्या जेवणाला पोचतो म्हणाला होता. पोचला चारला, आणि मावशीचे पाय सुजले होते. म्हणून हे लिहितोय.

आधी ७०१. आकडा खरा आहे, पण तो मुंबईपासूनचा नाही. भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून नागपूरबाहेरच्या शिवमडक्यापर्यंतचा तो आहे. दादरहून आमणे गाठायलाच पन्नासहून जास्त किलोमीटर लागतात, तेही माजिवडा आणि भिवंडीच्या ट्रकांमधून. पहाटे तास-सव्वा तास, उजाडल्यावर दोन धरा. उलट ६८० ही सहार ते सोनेगाव, म्हणजे मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ, आकाशातून मारलेली सरळ रेषा. एक माप विमानतळापासून, दुसरं आमण्यापासून, म्हणून फरक एवढासा दिसतो. रेल्वेने सीएसएमटी-नागपूर ८३७ किलोमीटर आहे, त्यावरून जमिनीवरचा पल्ला कळतो.

आता आठ तास. ७०१ ला आठने भागा, सरासरी ८८ येते. मोटारीला सपाटीवर १२०ची मर्यादा आहे, त्यामुळे हे अशक्य नाही. पण हे आठ तास फक्त त्या रस्त्यावरचे. शंभरच्या लयीत चालवलं तर सात तास नुसती चाकं फिरतात. त्यात डिझेल, चहा, जेवण, मुलांना उतरवणं, टायर तपासणं. दोन्ही टोकांची शहरं धरून दहा-अकरा तास होतात. आणि हा वेळ कापायला जाऊ नका. ना वळण, ना गाव, सरळ रस्त्यावर डोळा कधी लागतो ते चालवणाऱ्याला कळत नाही. दर दीड-दोन तासांनी उतरायचंच. ‘आठ तासांत पोचलंच पाहिजे’ हा हट्ट मला या मजकुरातला सगळ्यात वाईट भाग वाटतो.

विमानालाही तेवढेच? नाही. दादरहून मेट्रो ३ने विमानतळाचं टी-२ टर्मिनल अर्धा तास. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोचा. तिकिटावरचा दीड तास विमान जागेवरून हलल्यापासून मोजलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरतात, म्हणून विमानांची रांग लागते; त्या रांगेतला वेळही त्यात बराचसा धरलेला असतो. पुढे सामान, मग सोनेगावहून नागपुरातलं धरमपेठ. सगळे मिळून पाच, फार तर साडेपाच तास.

पैशांचं म्हणाल तर चौघांना मोटार स्वस्त पडते, ते मान्य. आणि मेहकर, कारंजा, सिंदखेडराजाच्या माणसाला हा रस्ता खरंच वरदान आहे. त्याच्या गावाला विमानतळ नाही, आधी मुंबईला यायला रात्र जायची.

परतीला मावशीला आम्ही विमानाने आणलं. भाऊ रस्त्यानेच आला, शिर्डीला मुक्काम करून.