एकच गोळी चुकली, पण कितवी?

तुमचा आक्षेप असा, की गर्भनिरोधक गोळ्यांवरच्या माझ्या लेखात 'एखादी गोळी चुकली तर घाबरू नका' असं लिहून मी बायकांना निष्काळजी बनवते आहे. 'चुकली की धोका' एवढंच ठणकावून सांगायला हवं होतं. शिवाय तुमच्या ओळखीतल्या एकीला एकच गोळी चुकून दिवस गेले.

गेले असतील. पण ती गोळी पाकिटातली कितवी होती? 21 गोळ्या आणि 7 दिवस सुट्टी या नेहमीच्या पाकिटात, सुट्टीच्या दिवसांत बीजकोश हळूहळू जागा होऊ लागतो. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या की पुन्हा शांत होतो. सुट्टी लांबली, तर स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. म्हणून नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणं, हे मधली एखादी गोळी राहण्यापेक्षा जास्त जोखमीचं. आणि या उशिराला बऱ्याचजणी 'गोळी चुकली' असं म्हणतही नाहीत!

भीती घालण्याचं म्हणाल, तर घाबरलेली बाई 'आता काय उपयोग' म्हणून पाकीट अर्ध्यात टाकून देते. म्हणजे नको तेव्हा सुट्टी सुरू.

त्यापेक्षा हे लक्षात राहू दे: एकच राहिली असेल तर आठवेल तेव्हा घ्यायची, एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या, तर शेवटची राहिलेली तेवढी घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, आणि सलग 7 दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरायचा. हे पहिल्या आठवड्यात झालं आणि मागच्या 5 दिवसांत संबंध आला असेल, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारायचं. तिसऱ्या आठवड्यात झालं, तर हे पाकीट संपलं की सुट्टी न घेता थेट पुढचं पाकीट.

तुमचा कडकपणा एका ठिकाणी मात्र योग्य आहे. फक्त प्रोजेस्टोजेन हे एकच संप्रेरक (हार्मोन) असलेल्या गोळ्यांचं गणित वेगळं. जुन्या प्रकारांत 3 तासांचा उशीरही चुकल्यातच जमा, डेसोजेस्ट्रेल या नव्या प्रकारच्या गोळीला 12 तासांची मुभा. माझा लेख इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरकं असलेल्या गोळ्यांपुरता होता.

शंका उरलीच, तर संबंधानंतर 3 आठवड्यांनी लघवीची चाचणी करावी. तोवर गोळ्या बंद करू नयेत. नकळत दिवस गेलेले असले, तरी या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही.