गुंजीचा 'फुकट' दिवस

उत्तराखंडातल्या आदि कैलासला जाणाऱ्या आपल्या मराठी ग्रुपांमध्ये हल्ली वाटेतल्या गुंजी गावातल्या मुक्कामाबद्दल एक मागणी हमखास ऐकू येते: "गुंजीचा रेस्ट डे काढून टाका हो, तेवढीच एक रजा वाचेल." ट्रॅव्हलवालेही आनंदाने काढतात. माझं मत नेमकं उलटं आहे. वाटेतलं एखादं मंदिर राहिलं तरी चालेल, हा दिवस राहू द्या.

तब्येतीचं कारण आधी उरकते. पायथ्याचं धारचुला हजार मीटरच्याही खाली, गुंजी साधारण 3,200 मीटरवर आणि आदि कैलास जिथून समोर दिसतो ते जोलिंगकोंग साडेचार हजारांच्या आसपास. गाडीरस्ता नव्हता तेव्हा लोक बुधी, छियालेख, गर्ब्यांग करत पायी यायचे, शरीराला हळूहळू सवय व्हायची. आता जीप एका दिवसात वर आणून टाकते. मग रात्री विरळ हवेने डोकं ठणकायला लागलं की म्हणायचं, "स्थान फार जागृत आहे हो!"

पण मला बोलायचंय ते गावाबद्दल. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो. आमचा आराम आणि त्यांची सुगी एकाच दिवशी. हे रं लोकांचं, सीमेवरच्या इथल्या खोऱ्यांतल्या जमातीचं गाव. थंडी पडायच्या आत बहुतेक घरं कुलूपबंद होतात आणि माणसं धारचुल्याला उतरतात, ती पुन्हा उन्हाळ्यात वर येतात. त्यामुळे फाफर कापणं, गवत वाळवणं, राजमा सोलणं, सगळं त्या थोड्या दिवसांत. फाफर म्हणजे कुट्टूचा (बकव्हीटचा) भाऊबंद, पण चवीला कडसर. उत्तरेत कुट्टू उपासाला लागतो, इथे फाफरची पोळी रोजच्या जेवणात. पिकल्यावर त्याचे देठ लालसर होतात. बायका वाकून भराभर कापत होत्या आणि आमच्यातल्या एक काकू बांधावरून ओरडत होत्या, "दीदी, जरा इधर देखो ना!" कुणी मान वर केली नाही. बरं झालं.

एका जुन्या घराच्या ओट्यावर एक आजी तकलीवर लोकर कातत बसल्या होत्या. मागे लाकडी चौकट, तिच्यावर बोटभर जागा न सोडता कोरलेली वेलबुट्टी, आणि त्या कोरीवकामातल्याच एका खिळ्याला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. आजी तकली मांडीवर घासून गर्रकन फिरवायच्या, सोडायच्या, धागा लांबला की गुंडाळून पुन्हा तेच. डोळे मात्र अंगणातल्या कोंबडीवर. मी विचारलं, "आमा, लोकर इथलीच का?" म्हणाल्या, "आता बाजारातली. पूर्वी ताकलाकोटची."

ताकलाकोट म्हणजे खिंडीपलीकडची तिबेटातली बाजारपेठ. त्या एका वाक्यात या गावाचं अख्खं अर्थकारण आहे. लिपुलेख खिंडीतून गूळ, धान्य, कापड तिबेटात जायचं. मीठ, लोकर, टाकणखार इकडे यायचा. 1962 च्या युद्धाने ते थांबलं. 1992 मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला, गुंजीत मंडी भरू लागली. 2020 मध्ये कोरोनात परत बंद. 2019 च्या हंगामाअखेरीस कित्येकांनी उरलेला माल ताकलाकोटच्या गोदामांत ठेवला होता, पुढच्या वर्षी विकू म्हणून. तो तिथेच अडकला. 2025 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांनी खिंड व्यापाराला पुन्हा उघडायचं ठरवलं खरं, पण आपण ज्याला 'कैलासाची वाट' म्हणतो ती या लोकांची दुकानाची वाट होती, हे आपल्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. नेपाळातली छांगरू आणि तिंकर ही गावंही यांच्याच भाषेची, यांच्याच सोयरिकीची.

पुण्यात पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा वारकरी पाहुणा आणि घर आपलं, हे दोघांनाही ठाऊक असतं. वारकरी दारात उभा राहून आधी "माउली" म्हणतो. इथे वारकरी आपण, तरी वागतो मालकासारखे. सकाळी सहाला स्पीकरवर भजनं. दुपारी "तुमचा पारंपरिक ड्रेस घालून दाखवा ना". विळा हातात असलेल्या बाईला!

गाव आपल्याला कंटाळलंय असा सूर मला लावायचा नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पंतप्रधान इथे येऊन गेले, त्यानंतर गर्दी वाढली आणि ती हवीच आहे. आमच्या होमस्टेच्या पोराने सरळ सांगितलं: रस्ता झाला आणि वडिलांच्या खेचरांचं काम गेलं, आता मी टॅक्सी चालवतो, मला बरं पडतं. वडील शेजारीच बसले होते, ते काही बोलले नाहीत.

तेव्हा जाणार असाल तर कंपनीला आधीच विचारा, गुंजीत किंवा शेजारच्या नाबीत पूर्ण दिवस आहे का. नसेल तर दुसरी कंपनी बघा. सुटे पैसे ठेवा, तिथला राजमा उत्तम असतो आणि ज्याने पिकवला त्याच्याच हातून मिळतो. फक्त कृपा करून भाव पाडू नका. आमच्या ग्रुपने पाडला, किलोमागे वीस रुपये, आणि संध्याकाळी त्याच घरी फुकट चहा प्यायला.