ग्रंथात आहेत, वाचनात नाहीत

ख्रिस्ती धर्मग्रंथात स्त्रीला काय स्थान आहे, यावर वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा ठरलेली चार-पाच वचनेच एकमेकांच्या अंगावर टाकतात. स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावे असे सांगणारा संत पौल एकाच्या हाताशी असतो, ख्रिस्तात स्त्री आणि पुरुष असा भेद उरत नाही असे गलतीकरांना लिहिणारा तोच पौल दुसऱ्याच्या हाताशी असतो, आणि वाद आहे तिथेच राहतो. माझे म्हणणे या वादाच्या अलीकडचे आहे. आपल्या कॅथलिकांपैकी बहुतेकांच्या कानावर बायबल पडते ते घरी वाचून नव्हे, तर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, वर्षभर होणाऱ्या नेमलेल्या वाचनांतून. आणि ही वाचने नेमताना ज्या ओळी गळाल्या, त्यांत स्त्रियांच्या ओळी फार आहेत.

माझे माहेर वसईचे, तिथली मिस्सा मराठीतून. लग्नानंतर गोव्यातल्या बार्देशात आले तेव्हा कोकणी मिस्सा समजत होती, पण वाचनाचे बारकावे निसटत, म्हणून आदल्या रात्री मराठी बायबलमध्ये तो अध्याय वाचून जाण्याची सवय लागली. त्या सवयीमुळेच वाचन कुठल्या ओळीवर सुरू होते, कुठे थांबते आणि मध्ये काय ओलांडून जाते, ते दिसू लागले. वेदीजवळच्या वाचनग्रंथात हे दिसत नाही. तिथे उतारा सलग छापलेला असतो, गाळलेल्या ओळींच्या जागी साधे टिंबही नसते. मथळ्याखाली बारीक अक्षरांत वचनांचे आकडे असतात आणि ते कोणी मोठ्याने वाचत नाही.

एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, 1969 साली ही नवी वाचनपद्धती आली, रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बसवली गेली, आणि पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक बायबल लोकांपर्यंत पोहोचले. निवड करायची तर काहीतरी सुटणारच. प्रश्न एवढाच, की काय सुटले.

हुल्दाचेच घ्या. यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीत मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. तो ऐकून राजा आपली वस्त्रे फाडतो आणि हा ग्रंथ काय सांगतो याविषयी देवाला विचारा, असे म्हणून याजकासह पाच जणांना पाठवतो. ही माणसे जातात ती हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्या स्त्रीकडे, राजवस्त्रे सांभाळणाऱ्या शल्लूमच्या बायकोकडे. यिर्मया त्या काळात संदेष्टा होता, तरी त्याच्याकडे जात नाहीत. आणि हुल्दा उत्तर कसे देते? ज्या माणसाने तुम्हांला माझ्याकडे पाठवले त्याला जाऊन सांगा, अशी तिची सुरुवात आहे. 'महाराज' वगैरे काही नाही. ग्रंथात लिहिले आहे ते सगळे घडणार, असा निर्वाळा ती देते आणि त्यानंतरच राजाची धर्मसुधारणा सुरू होते. बायबलमधल्या 'दुसरे राजे' या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातला हा प्रसंग मिस्सेत वाचला जातो खरा, पण 8 ते 13 या वचनांनंतर वाचन थेट तेविसाव्या अध्यायात उडी मारते. राजा माणसे पाठवतो आणि पुढच्याच वाक्याला वडीलधाऱ्यांना गोळा करतो. मधली हुल्दा नाहीशी.

निर्गम या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातही तसेच. इजिप्तचा राजा फारो याची आज्ञा धुडकावून इब्री मुलगे जिवंत ठेवणाऱ्या शिप्रा आणि पुवा या सुइणींची वचने, म्हणजे 15 ते 21, वाचनातून वगळली आहेत. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री रविवारी भेटते, ती लोकर-ताग घेऊन चाती फिरवणारी. तीच स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तिच्या तोंडी शहाणपण असते, हे मात्र आपल्याला ऐकू येत नाही. रोमकरांच्या पत्राचा शेवटचा अध्याय तिसऱ्या वचनापासून सुरू केला आहे, कारण पहिल्या दोन वचनांत फिबी आहे: किंख्रिया येथील मंडळीची सेविका, जिने अनेकांना आणि खुद्द पौलालाही आधार दिला. 'कारण' हा शब्द कोणाला जड वाटला तर सोडून द्या. हेतू मला ठाऊक नाही, परिणाम ठाऊक आहे.

ईस्टरच्या सकाळचे शुभवर्तमान तर मला दरवर्षी खटकते. योहानाचा विसावा अध्याय पहिल्या नऊ वचनांपर्यंत वाचतात. मरिया माग्दालिया पहाटे कबरेवर येते, धावत जाऊन सांगते, मग पेत्र आणि दुसरा शिष्य येऊन रिकामी कबर पाहतात, आणि वाचन संपते. रडत उभ्या असलेल्या मरियेला प्रभू नावाने हाक मारतो आणि माझ्या भावांकडे जाऊन सांग, असे पहिले काम तिच्यावर सोपवतो, तो भाग येतो मंगळवारी. मंगळवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये कोण असते? निवृत्त माणसे आणि सिस्टर्स. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले, पण तोही बहुधा कामाच्याच दिवशी येतो.

यावर कोणी म्हणेल, की कठोर वचनेही गाळलीच आहेत. बरोबर आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातली गप्प बसण्याची आज्ञा वाचली जात नाही, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय आठव्या वचनाशी थांबतो, म्हणजे स्त्रीने शिकवू नये हे वाक्यही येत नाही. मला ही सवलत नको आहे. गप्प बसण्याची ती आज्ञा ऐकली तरच करिंथकरांच्या त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल स्त्रियांनी प्रार्थना करणे, संदेश देणे गृहीत धरतो, ही विसंगती दिसते आणि प्रश्न विचारता येतो. दोन्ही बाजू गाळून उरते ती एक सोज्वळ, मुकी स्त्री, जिला ना कोणी दटावते ना कोणी सल्ला विचारते.

गोव्यात राहून एक प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो, आणि तो वाचनांत मुळीच नाही. गणना या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून म्हणतात, की भाऊ नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे, आम्हांला वाटा द्या. मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा निकाल देव देतो. (पुढे छत्तिसाव्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी मेख मारली जाते, तीही सांगितली पाहिजे.) आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, तरी कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, जोण (उत्पन्नातला वाटा) परंपरेने पुरुष वंशजांकडेच जातो आणि नोटरीपुढे हक्क सोडल्याची सही करणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात सापडतात. मोशेपुढच्या त्या पाच जणींवर एकही प्रवचन ऐकल्याचे मला आठवत नाही.

2021 पासून चर्चमधील वाचकाची अधिकृत सेवा स्त्रियांनाही खुली झाली. प्रत्यक्षात आमच्याकडे ते काम त्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत आणि दोतोर्न, म्हणजे मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, तेही बहुतांशी त्याच घेतात. मिस्सेतले वाचन बदलणे कोणा एका फादरच्या हातात नाही, हे मला कळते. पण प्रवचन त्यांच्या हातात आहे, दोतोर्न आमच्या हातात आहे, आणि वाड्यावरच्या समुदायाच्या बैठकीत कुठला अध्याय काढायचा हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या पुढच्या बैठकीसाठी मी दुसऱ्या राजांचा बाविसावा अध्याय सुचवला आहे, पहिल्या वचनापासून विसाव्यापर्यंत.