पुढच्या ब्रेकची भीती घालणारा मेसेज

गणपतीला मुंबई-पुण्याहून मोटारसायकलने गावी येणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज पावसाळ्यात हमखास फिरतो. वर जोडलेले हात, खाली ‘एक अनुभवी चालक’ अशी सही. मजकूर थोडक्यात असा: पुढचा ब्रेक कधीही मारू नका, गाडी उलटते. पावसात तर त्याला हातही लावू नका, मागचा एकटा पुरे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं आणि इंजिनला आराम मिळतो. एबीएसवाली, म्हणजे ब्रेक जोरात मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली गाडी असेल तर काळजीच नको. आणि पावसात टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते.

पाच सल्ल्यांपैकी एकात थोडं तथ्य आहे, तेही भलत्याच जागी चिकटवलेलं. बाकीचे चार अंगाशी येणारे आहेत. पाठवणाऱ्याची कळकळ खरी असेल, पण आंबा घाटाच्या उतारावर कळकळीने गाडी थांबत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते’

तळकोकणात गाडीची चावी हातात देतानाच सांगतात, ‘फुडचो ब्रेक धरू नको, पडशीत.’ ही भीती बहुधा सायकलवरून आलेली आहे. सायकलवर माणूस उंच बसतो, सायकल स्वतः हलकी आणि दोन चाकांत अंतर जेमतेम मीटरभर. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस खरोखरच हँडलवरून पुढे जातो. मोटारसायकलचा बांधा वेगळा. इंजिनाचं सगळं वजन खाली, चाकांतलं अंतर सव्वा मीटर किंवा त्याहून जास्त. आपल्या रोजच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर सपाट रस्त्याला मागचं चाक उचललं जाण्याआधी पुढचा टायर घसरतो. स्टंट करणारी पोरं मागचं चाक उचलतात ती अंग मुद्दाम पुढे टाकून आणि भरपूर सराव करून.

ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पुढचा शॉक दबतो तो त्यामुळेच. गाडी आणि चालक मिळून 190 किलो धरा आणि उभ्या गाडीत ते दोन्ही चाकांवर साधारण निम्मं-निम्मं आहे असं माना. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लागले की पुढच्या चाकावर दीडशे किलोच्या आसपास भार येतो आणि मागच्यावर उरतात जेमतेम चाळीस. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर ठरते. म्हणजे मेसेज सांगतो की ज्या चाकाकडे पकड आहे त्याला हात लावू नका आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या भरवशावर राहा. कंपन्यांनी जास्त जोराचा डिस्क ब्रेक आधी पुढे दिला आणि मागे कित्येक गाड्यांना अजून जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेकच ठेवला, ते काही शोभेसाठी नाही.

आता हेच अंतरात मोजू. ताशी 60 ला गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते. समोर म्हैस दिसल्यावर हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद सहज जातो, तो दोन्ही ब्रेक वापरणाऱ्याचा आणि फक्त मागचा वापरणाऱ्याचा सारखाच. त्यानंतर चांगल्या कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा वीस-बावीस मीटरमध्ये थांबतो. फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याला पंचेचाळीस ते पन्नास मीटर लागतात, कारण मागचं चाक त्याहून जास्त अडवूच शकत नाही, जाम होऊन फरफटतं. याचा अर्थ असा की पहिला जिथे पाय टेकून उभा राहतो, तिथून दुसरा ताशी 40 पेक्षा जास्त वेगाने पुढे निघून जातो. समोर एसटी अचानक थांबली असेल तर या फरकाचा हिशोब हाडांत होतो.

मग पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती का? पडतात, हे खरं आहे. घाबरून मूठ एकदम आवळली की भार पुढच्या चाकावर यायच्या आधीच ते जाम होतं. जाम झालेलं पुढचं चाक गाडीला सरळ धरत नाही आणि सावरायला वेळही देत नाही. म्हणून लिव्हर दोन टप्प्यांत दाबायचा. आधी हलकेच, शॉक दबू लागेपर्यंत, आणि मग जोर वाढवत न्यायचा. मधलं अंतर अर्ध्या सेकंदाचंही नसतं, पण सगळी गंमत त्यातच आहे. हँडल सरळ, गाडी उभी, नजर लांब, रेस पूर्ण सोडलेली. मागचा ब्रेक सोबतीला हवाच, फक्त हलका. मागे माणूस किंवा कॅरिअरला नारळाचं पोतं असेल तर मागच्या चाकावर भार जास्त राहतो, तेव्हा मागच्या ब्रेकचा उपयोग वाढतो.

हा हात मेसेज वाचून बसत नाही. गावातलं शाळेचं मैदान नको, माती असते. गर्दी नसलेला, सरळ, कोरडा डांबरी तुकडा शोधून ताशी 20 ला सुरुवात करायची आणि वेग हळूहळू वाढवत न्यायचा. बोटांना सवय लागली की आणीबाणीत मूठ आपोआप आवळली जात नाही.

‘पावसात तर हातही लावू नका’

तथ्य आहे ते इथे. ओल्या डांबरावर पकड बरीच घटते, ब्रेक कमी जोराने लागतो आणि त्यामुळे वजनही कमी पुढे जातं. मागच्या ब्रेकचा वाटा म्हणून पावसात थोडा वाढतो. तरीही साधारण दोन-तृतीयांश काम पुढच्याच चाकाचं राहतं. ते सोडून दिलं तर ताशी 60 वरून थांबायला सत्तर मीटरच्या घरात जातं. दोन्ही ब्रेक हलक्या हाताने वापरले तर त्याच्या निम्म्यात काम होतं. पावसातली खरी दुरुस्ती वेगात आणि पुढच्या गाडीपासूनच्या अंतरात करायची असते.

पण कोकणात ‘ओला रस्ता’ ही एक गोष्ट नाही. मृगाच्या पहिल्या सरीला रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ यांचा चिकट लेप होतो. दोन-चार दिवस झोडपून पाऊस लागला की तोच रस्ता धुऊन स्वच्छ होतो आणि पकड बरीच सुधारते. चिरेखाणीकडून येणारा ट्रक वळणावर तांबडी माती सांडून जातो, तिच्यावर सर पडली की साबण. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाऱ्याने आलेली पुळण, म्हणजे समुद्राची वाळू असते, झाडीतल्या रस्त्यावर कुजलेला पाला, ओढ्यावरच्या साकवावर शेवाळ. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडल्याच्या फेरीबोटीत गाडी चढवताना जेटीचा ओला उतार आणि त्यापुढचा लोखंडी पत्रा. अशा जागी पुढचा ब्रेक जोरात मारू नये, हे बरोबर. मात्र तिथे मागचाही जोरात मारू नये. तिथे पोचायच्या आधीच वेग गेलेला असावा आणि त्या पट्ट्यावरून गाडी सरळ, ब्रेक जवळजवळ न लावता जावी. हँडल वळलेलं असताना, अगदी पायी चालायच्या वेगातही, पुढचा ब्रेक झटक्याने धरला की गाडी आडवी होते. पेट्रोलपंपावर आणि जेटीवर पडणारे बहुतेक असेच पडतात आणि घरी येऊन सांगतात, ‘पुढचा ब्रेक लागला.’

वळणाचं गणितही तेच. टायरकडे असलेली पकड वळायला आणि थांबायला वाटून घ्यावी लागते. वळणात पुरेपूर झुकलेल्या गाडीकडे ब्रेकसाठी फार काही शिल्लक नसतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी. वळणात अचानक गुरं दिसलीच तर आधी गाडी जमेल तेवढी उभी करायची, मग ब्रेक. मेसेजवर विश्वास ठेवून वळणात मागचा पेडल दाबून धरला तर मागचं चाक बाहेर सुटतं. आणि घाबरून पाय एकदम उचलला तर ते पुन्हा पकड घेऊन चालकाला वर फेकतं, म्हणजे नुसतं घसरण्यापेक्षा वाईट.

पाण्यातून गाडी घातल्यावर ड्रमच्या आत पाणी शिरतं आणि ब्रेक काही काळ लागल्यासारखा वाटतच नाही. पाण्यातून बाहेर आलं की मागे कोणी नाही असं बघून, हळू वेगात ब्रेक थोडा वेळ हलका धरून ठेवायचा, ड्रमला आतून घासणारे लायनर कोरडे होतात. डिस्कवरचं पाणी पहिल्या फेऱ्यांतच पुसलं जातं, पण मुसळधार पावसात तोही क्षणभर उशिरा पकडतो.

‘घाटात न्यूट्रल, पेट्रोलची बचत’

या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो हिशोबी माणसाला पटतो. कशेडीला आता बोगदा आहे, पण ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, कुठूनही आलात तरी कोकणात उतरावंच लागतं. 190 किलोची गाडी सहाशे मीटर खाली आली की तीन लिटरहून जास्त गार पाण्याला आधण येईल इतकी उष्णता कुठेतरी जायला हवी. काही वाऱ्यात जाते. गाडी गिअरमध्ये असली तर बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रल केलीत की सगळी ब्रेकवर, म्हणजे डिस्कच्या पॅडवर आणि ड्रमच्या लायनरवर येते. तापलेला ड्रम पकड सोडतो, पेडल खाली जातो आणि गाडी मात्र वेग घेते.

डिस्कची कथा निराळी. तिच्यातलं ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि दमटपणाला आपल्याकडे तोटा नाही. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पाणी शिरलं की मानकाप्रमाणे हीच मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. दोन वर्षांनी ऑइल बदला असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आपण ते पुस्तक आरसीसोबत पिशवीत घालून ठेवतो.

आणि पेट्रोल? एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाच्या नियमाप्रमाणे बनलेल्या) गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गिअरमध्ये, रेस बंद ठेवून उतरताना त्यांचा कंट्रोलर इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जाळलंत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थेंबभर वाचत असेल, त्या थेंबासाठी आंबा घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची हौस ज्याची त्याला. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. क्लच दाबून ठेवायचा नाही, कारण क्लच दाबलेली गाडी आणि न्यूट्रल गाडी उतारावर सारखीच. अचानक थांबायची वेळ आली तेव्हा ब्रेकसोबत क्लच दाबला गेला तर बिघडत नाही, तो वेगळा प्रसंग. स्कूटरवाल्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. तिथे खालचा गिअर टाकता येत नाही आणि वेग फार कमी झाला की आतला क्लच सुटून गाडी मोकळी धावते. त्यांनी ब्रेक सतत चोळत ठेवू नये. दोन्ही ब्रेकनी वेग नीट कमी करावा, सोडावा, पुन्हा कमी करावा आणि मध्ये कुठे थांबून चहा घ्यावा. ब्रेक तेवढ्यात निवतात.

‘एबीएस आहे, काळजी नको’

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे मेसेज वाचून ‘फक्त मागचा’ दाबणारा स्कूटरवाला नकळत पुढचाही वापरतोच आहे, आणि उलटलेला नाही!

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, हे त्याचं मोठं काम. पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं जाम होऊ शकतं. खडीवर आणि पुळणीवर एबीएसने थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. साधं एबीएस झुकलेल्या गाडीला वळणात वाचवेलच असं नाही. ते काम करू लागलं की लिव्हर किंवा पेडल थरथरतो. त्याला दचकून सोडायचं नाही, दाबून धरायचं.

‘हवा कमी ठेवा’

वाळूतून गाडी काढताना हवा कमी करतात, त्यावरून कोणीतरी हे उचललं असावं. डांबरावर पाणी असताना हवा कमी झालेला टायर नक्षीतून पाणी नीट बाहेर फेकत नाही आणि कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. वळणात गाडी लोळते ती वेगळीच. कंपनीने किती हवा सांगितली आहे ते बहुधा चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. हवा सकाळी निघताना, टायर थंड असताना तपासा. नक्षी झिजून आतल्या खुणेच्या उंचवट्याला टेकली असेल तर हवेचा विषयच संपला, टायर बदला.