जानेवारी नागपूरच्या तलावांसाठीच ठेवा

‘बिग इयर’ (एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त पक्षिजाती पाहण्याचा उपक्रम) परदेशातून सुरू करा, घरचे पक्षी काय कधीही मिळतात, हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पट्टकादंब (हंसकुळातले पक्षी) मार्चअखेर उत्तरेकडे निघतात. नोव्हेंबर-डिसेंबरात दुसरी संधी असते खरी, पण पाऊस लांबला तर पारडगाव, सायकी हे तलाव काठोकाठ भरलेले असतात. चिखलाची पट्टीच उघडी पडत नाही, मग तुतारी आणि चिखले हे चिखलात चरणारे पक्षी उतरणार कुठे? पाणी हटतं जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा सकाळी पूर्वेच्या काठावर, ऊन पाठीशी घेऊन स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) लावा; उन्हासमोर साऱ्या तुतारी सारख्याच काळपट दिसतात. श्रीलंकेचे प्रदेशनिष्ठ पक्षी बारमाही तिथेच असतात, तिथलं सिंहराजाचं जंगल ऑगस्टातही जमतं. नेपाळचा काटेरी सातभाई मात्र मार्च ते मे, गातो तेव्हाच गाठावा. एरवी झुडपाबाहेर येत नाही. नवरंग पक्ष्यासाठी जून-जुलै विदर्भातच राखा.

आणि पाहिलेल्या जातींच्या यादीबद्दल लेखात एक ओळही नाही! ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाची वर्गवारी दरवर्षी सुधारली जाते, एका जातीच्या दोन होतात. कोणती आवृत्ती धरणार ते १ जानेवारीलाच ठरवा. ओळखता येईल तिथे उपजातही लिहा, म्हणजे पुढे जात फुटली तरी नोंद वाया जात नाही.